नको गं, कशाला त्रास

जुळे सोलापूर
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सरूआत्या,

तुला फोन केला की तू 'हॅलो, हॅलो, कोण?' एवढंच म्हणतेस. मी ओरडते, शेजारचे गॅलरीत येऊन बघतात आणि शेवटी तू 'बरं बरं, सगळे मजेत ना' म्हणून ठेवून देतेस. तुझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं हे मला माहीत आहे, तेव्हा तुझा दोष नाही. पण आज सांगायचं पुष्कळ आहे आणि ओरडायचं त्राण नाही, म्हणून कागद घेतला. आमच्या संस्थेची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी मोहोळला येते. निंगप्पा ड्रायव्हर तुझ्या गल्लीच्या तोंडावरूनच जातो. पत्र त्याच्याकडे दिलं आहे, उत्तरही त्याच्याकडेच दे.

बातमी अशी की मला बढती मिळाली आहे. का शिक्षा झाली आहे, ते अजून कळलेलं नाही. गेली चार वर्षं मी 'पाऊल'मध्ये टेबलाशी बसून हिशेब आणि देणग्यांच्या पावत्या बघत होते, हे तुला माहीतच आहे. देणग्या मागायला जायचं काम आशिष करायचा. तो पुण्याच्या मोठ्या संस्थेत गेला. परवा दाक्षायणीताईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, आता ते काम तू करायचं. मी म्हटलं, ताई, मला चार माणसांत बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, पावत्या लिहून देणगीदारांची नावं तुला पाठ झाली आहेत, आता फक्त त्यांच्या घरी जायचं. संस्था त्यांची, पगार त्या देतात, मी काय बोलणार?

आणि वेळही अशी की बघायला नको. ज्या कंपनीच्या पैशावर ही मोहोळची गाडी चालते, त्यांनी मार्चनंतर देणार नाही असं कळवलं आहे. वर्षाचे दीड लाख उभे राहिले नाहीत तर एप्रिलपासून फेरी बंद. तुमच्याकडच्या वस्त्यांवरची जी मुलं चालू शकत नाहीत, त्यांना आया या गाडीतून व्यायामाला आणतात. काव्या म्हणून एक पाच वर्षांची आहे. मागच्या महिन्यात ती दांडी धरून पहिल्यांदा उभी राहिली आणि तिची आई भिंतीकडे तोंड करून रडली. ती पोर कडेवर घेऊन ती बाई दोन एसट्या बदलून येणार आहे का? तेव्हा आता सगळं माझ्यावर.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, 'आपल्या घराण्यात वर्गणीचं पुस्तक घेऊन कुणी फिरलं नाही,' आणि पेपर उघडून बसले.

अजून एक. बाबा परवा म्हणत होते, सरू तिकडे एकटी कशाला राहते, इथे आई गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. मग येतेस का आमच्याकडे राहायला?

तुझी,
भार्गवी

*

मोहोळ
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

भार्गवी,

अनेक आशीर्वाद. तुझा निंगप्पा भला माणूस दिसतो. चहा घे म्हटलं तर 'नको बाई, गाडीत पोरं हायती' म्हणाला. मग मी कपभर चहा गाडीपर्यंत नेऊन दिला तेव्हा घेतला. दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतला. घरचं वळण कळतं.

तुझ्या कामाचं वाचलं. तुझ्या बाबांकडे, कमलाकरकडे लक्ष देऊ नकोस. त्याला स्वतःच्या बँकेतली बढती मागायला सुद्धा लाज वाटायची, शेवटी साहेबाच्याच लक्षात आलं म्हणून मिळाली. तू जा. पण कसं जायचं ते सांगते, तीस वर्षं शाळेत काढली आहेत, पालकांकडून गॅदरिंगला बाकं, सतरंज्या सगळं मिळवलं आहे मी. कुणाकडे गेलं की आधी त्याची विचारपूस करायची. मग आपल्या कामाचं नीट, गोडीनं सांगायचं. पैशाचा विषय आपण काढायचा नाही. समोरचा जाणता असेल तर तोच काढतो. त्यानं काढला तरी लगेच हात पुढे करायचा नाही. लहानपणी तुला शिकवलं होतं ना, लाडवाची ताटली पुढे आली तरी 'नको, कशाला त्रास' म्हणायचं. तू इतकं छान म्हणायचीस की जोशीण बाई कौतुकानं जास्तच लाडू बांधून द्यायची. मोठेपणी वेगळं काही नसतं.

तिकडे येऊन राहायचं म्हणतेस. नको गं, तुम्हाला कशाला उगाच त्रास. माझं इथे बरं चाललं आहे.

आत्या

*

जुळे सोलापूर
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

सरूआत्या,

ठीक आहे, तू म्हणतेस तर राहा तिथेच. मी बाबांना तसं सांगितलं.

दाक्षायणीताईंनी मला दोन दिवस पुण्याला कार्यशाळेला पाठवलं होतं. तिथे सगळे टाय लावलेले आणि 'डोनर' असा शब्द दर मिनिटाला म्हणणारे. शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला जोडीजोडीनं समोरासमोर बसवलं. एकानं देणगीदार व्हायचं, दुसऱ्यानं मागायचं. त्यांचा नियम एकच. समोरच्याच्या डोळ्यांत बघून रक्कम सांगायची आणि त्यानंतर गप्प बसायचं. त्यानं काही म्हणेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. माझ्या जोडीला नागपूरचे एक गृहस्थ होते. मी रक्कम सांगितली आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हटलं, 'पण नसेल जमत तर राहू द्या.' सगळा वर्ग हसला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, तुम्ही त्यांच्या वतीनं स्वतःलाच नकार देता आहात. बोलणं लागलं, पण ते मनात घेऊनच परत आले.

आणि परवा खरी भेट झाली. रुद्रप्पा मालक, अक्कलकोट रस्त्याला त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, दरवर्षी पाच हजार देतात. सात रस्त्याजवळच्या घरी गेले. तू सांगितलंस तसंच केलं. आईची तब्येत विचारली, नातवाची शाळा विचारली, मग फोटो दाखवले, काव्याचं सांगितलं, गाडीचं सांगितलं. ते इतकं लक्ष देऊन ऐकत होते! मग स्वतःहून म्हणाले, 'चांगलं काम हाय की वो हे. मग आता गाडीचं मी बगू का?'

आत्या, माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'नको नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास? तुमचे आशीर्वाद असू द्या.' त्यांनी फोटो परत माझ्या हातात दिले. म्हणाले, 'आशीर्वाद तर हायेतच की.' मग त्यांच्या मिसेसनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पुडकं बांधून दिलं आणि मी घरी आले.

आता ते पुन्हा विचारतील असं मला वाटतं आहे. एवढ्या आपुलकीनं बोललेला माणूस एकदा विचारून थांबणार नाही. तुला काय वाटतं? चटणी मात्र झकास आहे, अर्धी तुला पाठवली आहे.

भार्गवी

*

मोहोळ
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

भार्गवी,

चटणी पोचली. तिखट जरा जास्त आहे पण खाल्ली.

शाबास. मला तुझा अभिमान वाटला. त्या पुण्याच्या बाईंच्या नादी लागू नकोस. डोळ्यांत बघून रक्कम सांगायची आणि टक लावून बसायचं, हे काय वसुलीला आलो आहोत का आपण? रुद्रप्पा मोठ्या मनाचा माणूस दिसतो. तुझ्या 'नको'मुळेच त्यांच्या मनात तुझी किंमत वाढली असणार. आठ-पंधरा दिवसांत त्यांचा निरोप येतो की नाही बघ. मध्ये तू फोन करू नकोस, उतावीळपणा दिसतो.

थंडी पडली आहे. न्हाणीघरातली फरशी सकाळी बर्फासारखी होते. बाकी सगळं ठीक. कमलाकरला म्हणावं, मफलर बांधत जा.

आत्या

*

जुळे सोलापूर
सोमवार, १९ जानेवारी २०२६

आत्या,

दोन महिने तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि मी दमले होते. आजही दमलेली आहे, पण आज रागही आहे, तो कुणावर तरी काढायला हवा.

रुद्रप्पा मालकांचा निरोप आला नाही. मी वाट बघितली. डिसेंबर गेला. दाक्षायणीताई रोज विचारायच्या आणि मी रोज म्हणायची, ते विचारतील, त्यांच्या मनात आहे. परवा गड्ड्याच्या जत्रेत मोठा फ्लेक्स पाहिला. दुसऱ्या एका संस्थेला रुग्णवाहिका दिल्याबद्दल रुद्रप्पा मालकांचे आभार, हार घातलेला त्यांचा फोटो. मी तिथेच पाळण्यांच्या गोंगाटात उभी राहिले. त्या संस्थेचा माणूस मला माहीत आहे. तो गेला असेल, रुग्णवाहिका पाहिजे म्हणाला असेल आणि घेऊन आला असेल. बस, एवढंच.

दाक्षायणीताई रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, 'त्यांनी तुला गाडी देऊ का विचारलं, आणि तू नको म्हणालीस?' काय सांगू, की मला लहानपणापासून असंच शिकवलं आहे? मी इतर अकरा-बारा घरी जाऊन आले आहे, सगळीकडे हेच. चहा, विचारपूस, फोटो, 'तुमचे आशीर्वाद असू द्या.' लोकांनी मला मनापासून आशीर्वाद दिले आत्या. आशीर्वादावर गाडी चालत नाही.

तुझ्या त्या लाडवांच्या ताटलीनं माझं वाटोळं केलं. आपल्या घरात कुणाला काही हवंच नसतं. सगळे एकमेकांना नको नको म्हणत राहतात आणि मग कुणी दिलं नाही म्हणून मनात धरून बसतात. मला हे काम जमणार नाही. मार्चनंतर मी पुन्हा पावत्या लिहीन, गाडी बंद होईल, आणि काव्याची आई मला रस्त्यात दिसली तर मी कुठे बघू?

निंगप्पा सांगत होता, 'बाई दार उगडायला लई येळ लावत्यात आता.' झोपतेस का दुपारी? एखाद्या रविवारी येऊ का तुझ्याकडे?

भार्गवी

*

मोहोळ
गुरुवार, २९ जानेवारी २०२६

भार्गवी,

पत्र मिळालं. तू लिहिलंस ते वाचलं, दोनदा वाचलं.

दार उघडायला उशीर होतो कारण मी पूजेत असते. रविवारी येऊ नकोस, घरात रंगकाम काढलं आहे, बसायला जागा नाही. नको, कशाला त्रास.

आत्या

*

जुळे सोलापूर
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

आत्या,

तू रागावलीस. चार ओळींचं पत्र तू मला कधी लिहिलं नाहीस, मी हॉस्टेलवर असताना सुद्धा तीन-तीन पानं असायची. मी जास्तच बोलले. लाडवांचा राग तुझ्यावर काढायला नको होता. रंगकाम संपलं की सांग.

पण जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, रागावली असलीस तरी.

मी रुद्रप्पा मालकांकडे परत गेले. दाक्षायणीताईंनी पाठवलं नाही, माझी मीच गेले. रात्रभर वाटत होतं की आता जाऊन काय उपयोग, दिलं त्यांनी दुसऱ्याला. पण मला ते एक वाक्य एकदा तरी म्हणून बघायचं होतं, नाहीतर जन्मभर ते घशात अडकून राहिलं असतं. या वेळी कारखान्यावर गेले. मागांचा असा आवाज की शेवटी त्यांनी मला ऑफिसात नेऊन दार लावलं. फोटो काढले नाहीत, आईची तब्येत विचारली नाही. म्हटलं, 'मालक, मोहोळच्या गाडीला वर्षाचे दीड लाख लागतात. ते तुम्ही द्यावेत असं मी मागायला आले आहे.' आणि गप्प बसले.

आत्या, ती शांतता! ते पाणी प्यायले. कॅलेंडरकडे बघितलं. माझ्या जिभेवर 'नसेल जमत तर' येऊन बसलं होतं. मी दातांनी जीभ धरली, अक्षरशः.

मग ते म्हणाले, 'ताई, हे तवाच का न्हाय बोललात? मी इचारलं की तुमाला. तुमी नको म्हन्लात. आमी धंद्यातली मानसं, नको म्हनलं की पुडच्या दुकानात जातो. घरी मंडळीला दोन दिस इचारत होतो, ती ताई काय मागायला आलती? तिलाबी कळलं न्हाय.' मला हसूही आलं आणि रडूही. मग म्हणाले, 'यंदाचं माजं देऊन झालं. आता न्हाय जमायचं.'

म्हणजे नाहीच म्हणाले. सरळ तोंडावर. आणि गंमत अशी की मला काही झालं नाही. मी तिथेच बसलेली होते, खुर्ची तशीच, मी तशीच. नोव्हेंबरपासून ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं. उलट त्या फ्लेक्ससमोर जेवढं लागलं होतं, तेवढं हे 'न्हाय' लागलं नाही. मी विचारलं, 'मग पुढच्या वर्षी कधी येऊ?' ते म्हणाले, 'जूनात या. आसंच बोला, फिरवाफिरवी नको.' आणि मोहोळचे खताचे व्यापारी गुरप्पा, त्यांचे साडू, त्यांना माझ्यासमोर फोन लावला.

आता मोहोळच्या गुरप्पांकडे जायचं आहे. खूप दमले आहे, पण जाईन. आत्या, बोल ना माझ्याशी.

भार्गवी

*

मोहोळ
गुरुवार, २६ फेब्रुवारी २०२६

भार्गवी,

रागावले नाही. अक्षर वाकडं येतं आहे, त्याला इलाज नाही, पाटावर कागद ठेवून लिहिते आहे.

तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे. एक विचारते. ते वाक्य म्हणण्याआधी तुला काय होत होतं? तोंड कोरडं पडतं का? आणि म्हणून झाल्यावर लाज किती वेळ राहते? तू नीट लिहिलेलं नाहीस. तू आता त्या कामातली आहेस, तुला माहीत असणार. सहज विचारते आहे.

आत्या

*

जुळे सोलापूर
सोमवार, ९ मार्च २०२६

आत्या,

तू 'सहज विचारते' म्हणालीस आणि मला वाटलं, कुणीतरी मला माझ्या कामातलं काही विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. दाक्षायणीताई सुद्धा विचारत नाहीत, सांगतात.

तर सांगते. आधी तोंड कोरडं पडतं, हो. हातही गार पडतात. वाटतं की समोरच्याच्या मनातली आपली जागा आता जाणार. माणूस आधीच नको म्हणून ठेवतो ना, तो त्यासाठीच. लाज सगळी वाक्याच्या अलीकडे असते. वाक्य म्हणून झालं की ती समोरच्याचं काय होतं ते बघायला लागते आणि आपल्याला विसरते. मला तरी असं झालं. आणि थोडक्यात बोलायचं. कारणं देत बसलं की माणूस कारणांशीच भांडतो.

आता निकाल. गुरप्पांच्या दुकानात गेले, खतांच्या पोत्यांवर बसून सांगितलं, रक्कम सांगितली, गप्प बसले. ते म्हणाले, 'सगळं न्हाय व्हायचं. मंगळवारचं मी बगतो, जूनपातुर. पुडचं माजा साडू बगंल.' दाक्षायणीताईंनी बाकीच्यांकडे फोन केले, मीही अजून काही घरं केली. कुणी दिलं, कुणी नाही म्हणालं. शुक्रवारची फेरी वाचली नाही. २७ मार्चची शेवटची. एप्रिलपासून गाडी फक्त मंगळवारी. काव्या आठवड्यातून एकदाच येईल. तिच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती म्हणाली, 'मंगळवार तर हाय की ताई.'

दाक्षायणीताई म्हणाल्या, एप्रिलपासून हे काम कायमचं तुझ्याकडे. या वेळी मी पगार वाढवून मागितला. त्यांना ते अपेक्षित नव्हतं. विचार करून सांगते म्हणाल्या, आणि मी 'राहू द्या' म्हटलं नाही.

पाडव्याला आम्ही यायचं का तुझ्याकडे? बाबांचा गुडघा दुखतो आहे, पण रिक्षा करून येऊ.

भार्गवी

*

मोहोळ
सोमवार, २३ मार्च २०२६

भार्गवी,

पाडव्याला नको असं निंगप्पाच्या तोंडी निरोप दिला होता, आणि तुम्ही आला नाहीत. मी सकाळी नऊपासून दाराकडे कान लावून होते, ऐकू येत नसताना. शेजारच्या महानंदानं श्रीखंड आणून दिलं. ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

आता ऐक. डिसेंबरात, वीस तारखेच्या सुमाराला मी न्हाणीघरात पडले. खुब्याच्या हाडाला चीर गेली. ऑपरेशन लागलं नाही, पण डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. कुणी आलं तर तेवढी, वॉकर म्हणतात ती चौकटीची काठी धरून दारापर्यंत जाते, म्हणून उशीर लागतो. पूजा वगैरे काही नाही, देवांना महानंदा फूल वाहते. रंगकामही नव्हतं. निंगप्पाला मी न सांगायची शपथ घातली होती, त्याच्यावर रागावू नकोस. तो बिचारा दर खेपेला म्हणायचा, 'बाई, सांगू द्या की.' त्यानं तुला दाराचं तेवढं सांगितलं, तेही त्याला राहवलं नाही म्हणून.

जानेवारीत तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा मी पाठीवर पडलेली होते. रागावण्याइतकी ताकदच नव्हती. तू लिहिलंस की आपण नको म्हणतो आणि मग दिलं नाही म्हणून मनात धरून बसतो. मी पत्र खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

कारण मी तेच करत होते. नोव्हेंबरात तू विचारलंस, येतेस का राहायला. मी नको म्हटलं. मग मी वाट बघितली. वाटलं, दुसऱ्या पत्रात पुन्हा विचारशील, तिसऱ्यात जरा रागावशील, मग मी हो म्हणेन. तू लिहिलंस, ठीक आहे, राहा तिथेच. मी ते वाचून दिवसभर जेवले नाही. पडल्यावर वाटलं, वहिनी असती तर स्वतः येऊन घेऊन गेली असती. रविवारचं तू एकदाच विचारलंस, पाडव्याचं एकदाच. प्रत्येक वेळी मी तुला मनात बोल लावले. तुम्हाला मी नको आहे असं ठरवूनही टाकलं. आणि तू बिचारी माझं म्हणणं खरं धरत होतीस, त्या टॉवेलवाल्यानं तुझं धरलं तसं.

तुझं उत्तर आलं तेव्हापासून पंधरा दिवस मी हे पत्र लिहिते आहे. तू म्हणतेस थोडक्यात बोलायचं. माझं हे आधीच दोन पानं झालं, आणि वर एक ओळ खोडली आहे, ती उजेडाला धरून वाचू नकोस. त्यात 'जमत नसेल तर' होतं.

रात्री मला भीती वाटते. उठता येत नाही आणि हाक मारली तर उत्तर आलेलं मला ऐकू येत नाही. मला आता एकटं राहायचं नाही. मला तुमच्याकडे राहायला यायचं आहे. चार दिवसांसाठी नाही, कायमचं.

शुक्रवारच्या गाडीत मला जागा ठेव आणि तू स्वतः ये. मला घेऊन जा.

सरू